न आठवणारे चार थांबे

३ जून

औषधवाल्या बाईंना,

नमस्कार नाही आणि आशीर्वादही नाही. कागद डेपोचा, पेन डेपोचं, फक्त राग माझा स्वतःचा.

फोन करणार नाही. फोनवर तू "बाबा, आधी ऐका तरी" म्हणतेस आणि मग मीच ऐकत बसतो. कागदाला मधे बोलता येत नाही, हे बरं आहे.

काल सकाळी सव्वासातला मी चौदा नंबरच्या गाडीवर बसलो होतो. आरसे लावून झाले होते, सीट पुढे ओढून झाली होती, निम्मी गाडी भरली होती. मागच्या दारात घंटी उभा होता. बारा वर्षं तो माझा कंडक्टर आहे, त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागेल. तेवढ्यात डेपो मॅनेजर स्वतः फलाटावर आले. ते फलाटावर कधी येत नाहीत, धुराने त्यांना शिंका येतात. खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "जरा खाली उतरा."

मी म्हटलं, "फेरी मारून येतो, मग बोलू."

"फेरी दुसरा मारेल. तुम्ही उतरा."

सगळी गाडी बघत होती. पुढच्या सीटवरच्या शिक्षिका सहा वर्षं मला रोज सकाळी "कसे आहात?" विचारतात. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. पिऊन आलेल्या ड्रायव्हरला उतरवतात तसं मला उतरवलं गं. एकतीस वर्षं गाडी चालवली, एका माणसाला खरचटू दिलं नाही.

वर ऑफिसात मॅनेजर म्हणाले, "तुमच्या मुलीचा फोन होता. तुमची साखर फार खालीवर होते म्हणे. गोळ्या नीट घेत नाही म्हणे. आम्हाला जोखीम घेता येणार नाही."

मुलीचा फोन! माझ्या शत्रूने केला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती, निदान तो शत्रुत्वाला जागला. घरची गोष्ट घरात ठेवायची असते एवढंही तुला शिकवायचं राहिलं का? बापाची साखर चव्हाट्यावर मांडलीस. मला आधी सांगायचं होतंस. मला!

आणि झालं काय होतं? एप्रिलमध्ये एक दिवस मला जरा घाम आला. गाडी पाच मिनिटं बाजूला घेतली. एप्रिलमध्ये घाम येणं हा गुन्हा असेल तर सगळं शहर आत टाका.

मला 'हरवले-सापडले'च्या खोलीत बसवलंय. बिनखिडकीची नाही, एक खिडकी आहे, आणि तिच्यातून फलाट दिसतो. मुद्दामच दिली असेल.

उत्तर पाठवू नकोस.

तुझा (हे कायद्याने लिहावं लागतं)
बाप


१९ जून

औषधवाल्या बाईंना,

पत्राचं उत्तर पाठवू नकोस म्हटलं तर तू पार्सल पाठवलंस. साखर मोजायचं यंत्र, पट्ट्यांच्या दोन डब्या, सुया, आणि एक छापील तक्ता. त्यावर तुझ्या अक्षरात दोन ओळी: सकाळी उपाशीपोटी, आणि जेवणानंतर दोन तासांनी. बाकी एक शब्द नाही. अशी चिठ्ठी तू गिऱ्हाइकालासुद्धा देत नसशील.

मी त्या पार्सलला डेपोचं लेबल लावलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली: 'सापडले. एक यंत्र. मालक ओळख देत नाही.' मग कपाटात ठेवून दिलं, कवळीशेजारी. हो, इथे एक कवळी आहे. लोक काय काय विसरतात! छत्र्यांचं समजू शकतो. एकेकटे हातमोजे समजू शकतो. पण परवा एक कुबडी आली. कुबडी विसरून माणूस उतरून चालत कसा गेला? त्याला शोधून विचारायला पाहिजे, कुठलं औषध घेतोस बाबा.

इथे मी नऊ ते पाच बसतो. लोक येतात, "माझी पिशवी मिळाली का?" विचारतात. मी म्हणतो, "रंग सांगा." कुणालाही आपल्या पिशवीचा रंग धड आठवत नाही. अशी माणसं माझ्या गाडीत बसत होती आणि मला म्हणतात जोखीम.

डेपोने नवं खूळ काढलंय. पुन्हा गाडीवर बसायचं असेल तर दवाखान्याचा दाखला पाहिजे, आणि दाखला पाहिजे तर दर मंगळवारी संध्याकाळी साखरवाल्यांच्या बैठकीला गेलं पाहिजे. गेलो. तळमजल्यावरची खोली, गोलात मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवर माणसाच्या पायाचं मोठं चित्र. चालवणारी एक सिस्टर आहे, चणीने एवढीशी, पण आवाज असा की मागच्या सीटपर्यंत जाईल. कंडक्टर व्हायला पाहिजे होती.

तिने एकेकाला विचारलं, आठवड्यात काय काय खाल्लं. सगळे धुतल्या तांदळासारखे. भाजी, फळं, उकडलेलं अंडं. एक न्हावी आहे, त्याच्या शर्टावर बिस्किटाचा चुरा होता आणि तो काकडीबद्दल बोलत होता. मला हसू आलं. सिस्टर म्हणाली, "काका, तुम्ही गोळ्या कशा घेता?"

मी म्हटलं, "लिहून दिल्यात तशा."

"एकही चुकत नाही?"

"एकही नाही."

तिने फक्त माझ्याकडे बघितलं, मी त्या न्हाव्याकडे बघत होतो तसं.

तुझी आई म्हणते तू फोनवर रडतेस. रडत असशील. मी पण रडलो असतो, पण मला सात छत्र्यांना लेबलं लावायची होती.

बाप


११ जुलै

हे पत्र पूर्ण वाच. मधे ठेवून देऊ नकोस.

ते यंत्र मी कपाटातून काढलं. तुझ्यासाठी नव्हे, ते खोटं आहे हे सिद्ध करायला. पहिला आकडा आला तीनशे अठरा. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. तुझ्या आईचं बोट धरलं, तिचा आला शहाण्णव. पुन्हा माझं. तीनशे बावीस. यंत्र ठीक होतं.

मंगळवारी आकडे घेऊन गेलो. सिस्टरने सगळे निघून गेल्यावर मला थांबवून घेतलं. मला वाटलं आता झापेल. मी तयारीत होतो, शब्द तोंडात आणून ठेवले होते. ती म्हणाली, "काका, तुमचा दिवस सांगा. उठल्यापासून."

आठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आठ वर्षांत! डॉक्टर बदलले तीन. प्रत्येकाने कागद बघितला, मान हलवली, गोळी वाढवली. मला कुणी विचारलं नाही की बाबा, तू करतोस काय दिवसभर.

मी सांगितलं. पहाटे साडेचारला उठतो. ती मोठी पांढरी गोळी घेतली की माझं पोट बिघडतं. चौदा नंबरच्या शेवटच्या थांब्यावर संडास नाही, मुतारी नाही, एक झाड आहे आणि त्याच्यासमोर शाळा आहे. पन्नास माणसं मागे बसलेली असताना पोटात कळ आली की काय होतं, ते कुठल्या डॉक्टरने भोगलंय? म्हणून मी मोठी गोळी घेत नव्हतो. हे बघ, लिहिलं मी. घेत नव्हतो. पाच वर्षं. पाकिटातून काढून बेसिनमध्ये टाकत होतो, तुझ्या आईला पाकीट रिकामं दिसावं म्हणून.

साखर वाढायची. डॉक्टर म्हणायचे गोळीने भागत नाही, आणि दुसरी वाढवायचे, ती छोटी. छोटीने पोटाला काही होत नाही, म्हणून ती मी इमानाने घ्यायचो. पहाटे पाचला, कोऱ्या चहाबरोबर. जेवण दोन वाजता, गाडी वेळेवर असली तर.

सिस्टरने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काका, ही छोटी गोळी साखर खाली ओढते. पोटात काही आहे की नाही ते ती बघत नाही. तुम्ही रोज नऊ तास उपाशी राहून ती घेत होतात?"

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाही."

"पाकिटात चिठ्ठी असते."

"ती मुंगीच्या अक्षरात असते."

ती हसली नाही. म्हणाली, "चूक तुमची आहे, आणि आमचीही आहे. आता दोन्ही दुरुस्त करू." पांढरी गोळी सावकाश विरघळणारी मिळते म्हणे, जेवणाबरोबर घेतली तर पोट बंड करत नाही. छोटी बंद करून त्याजागी दुसरी देणार, उपाशीपोटी माणसाला पाडत नाही अशी.

म्हणजे औषध होतं. आधीपासून होतं. तुझ्या दुकानात तुझ्या पाठीमागच्या फळीवर असेल. तू रोज शंभर लोकांना विचारतेस ना, जेवणाआधी की जेवणानंतर? त्या शंभरात तुझा बाप कधी का आला नाही? मॅनेजरला फोन करायला वेळ सापडला, मला विचारायला नाही सापडला?

दे उत्तर. आता मात्र दे.

बाबा


२ ऑगस्ट

तुझं पत्र आलं. दोन पानी. तुझ्या आईने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसली, वाचून होईपर्यंत.

म्हणजे घंटीने सांगितलं तर. मे महिन्यात सुट्टी काढून चार तास प्रवास करून तुझ्या दुकानात आला, आधी डोकेदुखीची गोळी मागितली आणि मग बाकावर बसून राहिला. मला म्हणाला होता मेहुण्याकडे जाऊन येतो. मी त्याला विचारलं काल. तो म्हणाला, "हो, मीच. मारायचं तर मार." मी मारलं नाही. त्याच्या पाठीला वाक आलाय, मला आजवर दिसला नव्हता.

तुला त्याने सांगितलं तेवढं तुला माहीत. उरलेलं मी सांगतो.

सतरा एप्रिल. दुसरी फेरी, पावणेबारा वाजले असतील. पोस्टाच्या थांब्यावर मी दार बंद केलं, गिअर टाकला. हे मला आठवतं. त्यानंतर आठवतं ते एकदम गोड लागलेलं तोंड, आणि घंटीची बोटं माझ्या जबड्यात. मधे चार थांबे आहेत. बाजार, पाण्याची टाकी, वाचनालय, जुना पूल. ते चार थांबे माझ्याकडे नाहीत. एकतीस वर्षं मी ते डोळे मिटून सांगू शकत होतो, आणि त्या दिवशी मी ते डोळे उघडे ठेवून घालवले.

घंटीने नंतर सांगितलं. मी कुठेच थांबलो नाही. लोक घंटा वाजवत होते, शिव्या देत होते. गाडी सरळ चालली होती म्हणे, अगदी सावकाश, म्हणून आधी त्याला वाटलं मी कुणावर तरी रुसलोय. पुलाच्या अलीकडे रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर एक बाई होती, दोन मुलं घेऊन. लाल दिवा होता. मी थांबलो नाही. घंटीने वरून वाकून हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा बाई काचेपासून हातभर होती. तिने एक मूल उचललेलं होतं. दुसरं उचलायला तिला हात नव्हता.

कुणीतरी सरबताची बाटली दिली, ती घंटीने माझ्या तोंडात ओतली. लोकांना सांगितलं, ब्रेक नादुरुस्त झाला होता, आता ठीक आहे. दहा मिनिटांनी मी माणसात आलो.

आणि मग मी फेरी पूर्ण केली.

हे घंटीने तुला सांगितलं नाही, कारण त्यात तोही आहे. मी उठून घरी गेलो नाही. मी पुन्हा गिअर टाकला, पूल ओलांडला, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. पुढचे सहा आठवडे रोज गेलो. खिशात साखरेच्या पुड्या ठेवायला लागलो आणि स्वतःला सांगितलं, झाली व्यवस्था. घंटीकडून शपथ घेतली. त्या रात्री तुझा फोन आला, "बाबा, आवाज असा का?" मी म्हटलं, टायर पंक्चर झालं होतं, उन्हात उभं राहावं लागलं.

तू लिहितेस, तू तीनदा विचारलंस. मे महिन्यात तीनदा. मी प्रत्येक वेळी विषय बदलला, आणि तिसऱ्या वेळी "औषधं विकतेस म्हणजे डॉक्टर झालीस का?" असं म्हणून फोन आपटला. खरं आहे. केलं मी ते.

पण राग गेला असं समजू नकोस. तू इथे यायला हवं होतंस. माझ्यासमोर बसून म्हणायचं, उद्या फोन करणार आहे, काय करायचं ते करा. तू चार तास लांबून फोन उचललास आणि मला फलाटावर कळलं. त्याबद्दल मी रागावलेलाच आहे. आधी राग नव्वद टक्के तुझ्यावर होता, आता अर्धा आहे. उरलेला कुणावर ते तुला सांगायला नको.

बाबा


२८ सप्टेंबर

पोरी,

रक्ततपासणीत साखरेची तीन महिन्यांची सरासरी साडेदहा टक्के होती, ती आठच्या खाली आली. पांढरी गोळी पोटाला त्रास देत नाही. मी सकाळी खाऊन निघतो. तुझी आई म्हणते चिडचिड तेवढीच आहे. म्हणजे ती साखरेची नव्हती, माझीच होती.

पण लिहायला बसलोय ते यासाठी नाही. आमच्या डेपोत एक ड्रायव्हर आहे, सगळे त्याला पैलवान म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांचा, दार अडेल एवढा रुंद. मला साहेब लोकांनी कपाटात टाकल्यावर इतरांनी सहानुभूती दाखवली, याने रोज येऊन चहा दिला. ऑगस्टच्या शेवटी मी त्याला कॅन्टीनच्या नळावर बघितलं. दोन गोळ्या एकदम तोंडात, वर पाणी, आणि निघाला गाडीकडे. गोळीचं पाकीट मी ओळखलं.

मी विचारलं, "पैलवान, काही खाल्लंस का?"

"तू माझी आई आहेस का?"

"काल एक चुकली म्हणून आज दोन घेतल्यास ना? तसं करू नकोस. ती गोळी माणसाला पाडते."

तो हसला. माझ्या खांद्यावर थाप मारली आणि गेला.

दुसऱ्यांदा मी त्याला पकडलं ते पंधरा दिवसांनी. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते, आणि तो कंडक्टरवर विनाकारण ओरडत होता. मी त्याला बाकावर बसवून साखरपाणी पाजलं. दहा मिनिटांत चेहरा बदलला. मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर मंगळवारी." त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "तुला उतरवलं म्हणून तुला सगळ्यांना उतरवायचंय. छत्र्या मोजायला जोडीदार हवाय ना?"

मागच्या सोमवारी त्याची गाडी डाव्या आरशाशिवाय परत आली. म्हणाला झाडाची फांदी लागली.

मी विचारलं, "कुठे?"

"अरे, तिकडे. तिकडेच."

"तिकडे कुठे?"

त्याला सांगता येईना. त्याच्या डोळ्यांत एक क्षण जे आलं ते मी ओळखतो. ते तिकडे मी बघून आलोय.

मंगळवारचा अख्खा दिवस मी मूग गिळून बसलो. त्या दिवशी त्याने सहा फेऱ्या मारल्या. प्रत्येक वेळी गाडी आत आली की मी त्या खिडकीतून आरसे मोजत होतो, बंपर बघत होतो. संध्याकाळी बैठकीतही माझं लक्ष नव्हतं. न्हावी सांगत होता, त्याच्या बुटात दोन दिवस खिळा होता आणि पायाला कळलं नाही. सगळे हळहळले. मी मधेच उठून बाहेर आलो आणि भिंतीला लाथ मारली. माझ्या पायाला कळलं.

बुधवारी सकाळी सहाला मी मॅनेजरच्या दारात उभा होतो. म्हटलं, पैलवानाला गाडी देऊ नका. आणि त्याला फलाटावरून उतरवू नका, वर बोलावून सांगा, दार बंद करून. एवढं तरी करा.

तेवढं त्यांनी केलं. पण मग म्हणाले, "त्याला घरी बसवतो. बिनपगारी." तिथे माझा तोल गेला. मी म्हटलं, मी त्याला औषध मिळावं म्हणून सांगितलं, शिक्षा व्हावी म्हणून नाही. घरी बसवाल तर उद्यापासून एकही ड्रायव्हर तोंड उघडणार नाही, घाम पुसेल आणि गाडी चालवेल. चौदा नंबरच्या शेवटच्या थांब्यावर तुम्ही सहा मिनिटं ठेवलीत. सहा मिनिटांत माणसाने जेवायचं, की गोळी घ्यायची, की झाड शोधायचं? त्यांनी सांगितलं वेळापत्रक वरून येतं. मी म्हटलं, मग माझा अर्ज वर जाऊ दे. तिथेच उभ्याने लिहिला. इतका ओरडलो की खाली वर्कशॉपमधलं ठोकणं थांबलं होतं.

पैलवानाला आता तिकीट खिडकीवर बसवलंय. पगार चालू. अर्जावर सही दोघांची, माझी आणि घंटीची. बाकी कुणी करेना. माझ्या टेबलाशी आता कुणी येत नाही. काल माझ्या खुर्चीला आमच्याच खोलीतलं लेबल बांधलेलं होतं, त्यावर लिहिलं होतं, 'चहाडखोर. मालकाने घेऊन जावे.' अक्षर पैलवानाचं नव्हतं. ते बघून जरा बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

बाबा


१६ नोव्हेंबर

पोरी,

आधी वाईट बातमी, म्हणजे ती आईकडून कळायला नको. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी आत बघितलं. पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, उजवीकडे जास्त. लेझर करणार आहेत, आहे ती नजर टिकेल म्हणाल्या. पण मोठ्या गाडीचं लायसन मिळणार नाही. आत्ता नाही आणि नंतरही नाही. मी विचारलं, "पाच वर्षं गोळी घेतली असती तर?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." चांगल्या बाई आहेत. सांगता येत होतं त्यांना.

घरी आलो आणि ओरडायला तोंड उघडलं, तर समोर कुणी ओरडण्यासारखं नव्हतं. तुझी आई म्हणाली, "तुम्ही ओरडता तेव्हा घाबरलेले असता, हे मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं." तीस वर्षं सांगितलं नाही तिने. या घरात कुणी कुणाला काही सांगतच नाही.

शेवटच्या थांब्याची सहा मिनिटं आता अठरा झाली आहेत, चौदा नंबरला आणि बावीस नंबरला, तीन महिने बघू म्हणून. संडासाचं घोडं अजून अडलेलंच आहे. मी दर सोमवारी एक अर्ज टाकतो. मॅनेजर मला बघितलं की शिंकतात, धूर नसला तरी.

आता कालची गोष्ट. दुपारी पैलवानाची बायको माझ्या खोलीत आली. पर्स टेबलावर आपटली आणि सुरू झाली. दार उघडं होतं, बाहेर चार-पाच ड्रायव्हर उभे राहून ऐकत होते. "भाऊजी, आमच्या घरचा चहा प्यायलात तुम्ही! यांची गाडी काढून घेतलीत! रात्र-रात्र झोपत नाहीत ते. कुणाशी बोलत नाहीत. आधी आम्हाला सांगायचं होतं! मला सांगायचं होतं!"

मी सांगणार होतो की मी त्याला दोनदा सांगितलं होतं. तोंडावर आलं होतं. पण ती विचारत होती ते बरोबर होतं. तिला मी सांगितलं नव्हतं. त्याच्या घराचा पत्ता मला पाठ आहे आणि मी तिच्याकडे गेलो नाही, कारण मॅनेजरच्या ऑफिसचा जिना चढणं तिच्या दारात उभं राहण्यापेक्षा सोपं होतं. मी म्हटलं, "वहिनी, चुकलं. तुमच्याकडे यायला हवं होतं. पण गाडी काढायला सांगितली ते चुकलं नाही. उद्या पुन्हा सांगेन."

ती रडायला लागली, रागाने. मग ओढणीने नाक पुसलं, पर्स उघडली आणि यंत्र बाहेर काढलं. अगदी नवं, खोक्यातलं. "दवाखान्यातून दिलंय. ते हात लावू देत नाहीत. दाखवा मला कसं वापरायचं."

मी माझ्या बोटात सुई टोचून तिला दाखवलं. बोटाच्या मधोमध नाही, कडेला, तिथे कमी दुखतं. पहिला थेंब पुसायचा. मग तिने स्वतःच्या बोटावर केलं. बाहेरच्या ड्रायव्हरांपैकी एकजण आत आला, मला वाटलं भांडायला, तर त्याने हात पुढे केला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "माझीही बघा एकदा." दोनशे साठ. त्याला मंगळवारचा पत्ता लिहून दिला. बाकीचे तिघे पटकन पांगले.

पैलवान अजून माझ्याशी बोलत नाही. बोलेल की नाही माहीत नाही.

आता तुला एक विचारायचंय. पैलवानाचं सांगून मी मॅनेजरच्या ऑफिसातून खाली आलो ना, त्या दिवशी दोन तास मी त्या खोलीत दिवा न लावता बसलो होतो. लोक पिशव्या मागायला आले, मी म्हटलं बंद आहे. आणि पैलवान माझा कोण? डेपोतला मित्र.

तू त्या दिवशी फोन ठेवलास, आणि मग काय केलंस? दुकानात होतीस का? कुणी होतं का तुझ्याजवळ? गिऱ्हाईक समोर उभं असेल तर गोळ्या दिल्यास की नाही, जेवलीस की नाही? पाच महिने मी तुला पानंच्या पानं लिहिली, पण हे विचारायचं मला सुचलं नाही.

लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, आपल्या घराण्यात त्यालाच ख्यालीखुशाली म्हणतात.

तुझा
बाबा